येवल्याची अर्धी मिशी

मिशी हा अवयव नव्हे, असे शरीरशास्त्र सांगते. नाशकात त्वचारोगांचा दवाखाना थाटल्यावर शरीरशास्त्राचे हे मत मी आदरपूर्वक बाजूला ठेवले. दोन मूत्रपिंडांपैकी एक निकामी झाले, तरी मनुष्य उरलेल्यावर निभावतो आणि लग्नकार्यात पंगतीला निःशंक बसतो. मिशीच्या दोन बाजूंपैकी एक गेली, तर तो पंगतीलाच काय, स्वतःच्या आरशासमोरही बसू शकत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी व्यवसायातले अनुभव लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा मोठमोठे दुर्धर रोग आठवण्याऐवजी मला एक अर्धी मिशीच आठवली, आणि तीही देवघरात जपमाळ हाती असताना. हसू आवरेना. जप पुन्हा पहिल्या मण्यापासून करावा लागला.

माझे आरंभीचे शिक्षण पंचवटीतल्या एका पाठशाळेत झाले. वडील शास्त्री. मी वैद्यकाकडे वळलो, तेव्हा त्यांनी एकच अट घातली की स्नानसंध्या आटोपल्यावाचून रोग्याला हात लावायचा नाही. ती अट मी निवृत्त होईपर्यंत पाळली. त्यामुळे शरीराकडे पाहण्याची माझी दृष्टी दवाखान्यापेक्षा देवळातली अधिक राहिली. रविवार कारंज्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना होता. नावनोंदणी, मलमपट्ट्या आणि रोग्यांचे रुसवेफुगवे हे सारे सुमनताई पाहत. त्या बोलायला लागल्या की मी ऐकत असे. हीही एक अलिखित अटच होती.

आमच्याकडे या रोगाला चाई म्हणतात. डोक्यावर, दाढीत किंवा मिशीत नाण्याएवढी गुळगुळीत जागा पडते. तिथे खाज नाही, खवले नाहीत, दुखणे नाही. संस्कृतात हिला ‘इंद्रलुप्त’ असे भारदस्त नाव आहे. मी ते मुद्दाम उच्चारीत असे. नुसती चाई झालेला माणूस खिन्न असतो. इंद्रलुप्त झालेला थोडा ताठ बसतो.

लोकांची समजूत अशी की चाई हा एक किडा असून तो रात्री येऊन केस खातो. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागाईतदार एकदा काडेपेटी घेऊन आले आणि ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“धरली डाक्टर. उशीवरच घावली. हीच खाती केस.”

मी पेटी किंचित उघडून पाहिली. “हे झुरळाचे पिल्लू आहे.”

“मग झुरळंच खात असतील.”

“केस खाल्ले असते, तर खुंट उरले असते.”

“मुळासकट खाती ती.”

“आणि जागा इतकी गोल कशी पडेल?”

“गोल फिरून खाती,” ते शांतपणे म्हणाले.

जाताना सुमनताईंनी त्यांना काडेपेटी आठवणीने परत दिली आणि सांभाळून न्यायला सांगितले.

वस्तुतः या रोगात बाहेरचे कोणी येत नाही. आपल्या शरीरात पांढऱ्या पेशींचा अखंड पहारा असतो. आगंतुक जंतू दिसला की त्याला हेरायचे, ओळख पटवायची आणि संपवायचे, हे त्यांचे व्रत. त्यांतल्या टी-पेशी विशेष कर्तव्यकठोर. परंतु केसाचे मूळ हा शरीरातला गाभारा आहे. निरोगी अवस्थेत ते सोवळ्यात असते, आणि हे कडक पहारेकरीही दाराबाहेरूनच नमस्कार करून पुढे जातात. काही कारणाने हे सोवळे मोडते. ते का मोडते, हे शास्त्राला अजून पुरते उलगडलेले नाही. मग एखादा पहारेकरी आत डोकावतो आणि जन्मभर ज्या घराची राखण केली, त्याच घरच्या माणसाला विचारतो, “तू रे कोण?” उत्तराची वाट पाहण्याची त्याची रीत नाही. तो सोबत्यांना हाक मारतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर केसाच्या मुळाभोवती या पेशींचे मोहोळ लागलेले दिसते. मुळाचे काम थांबते आणि केस गळतो. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. अतिनिष्ठेने केलेली ती चूक असते, आणि अशी चूक सुधारणे सर्वांत अवघड, हे देवस्थानांच्या विश्वस्तांना विचारावे.

आता मूळ कथेकडे येतो. नव्वदीच्या दशकातल्या एका श्रावणात तोंडावर रुमाल घट्ट दाबलेले एक गृहस्थ जिना चढून आले.

“दाताचे डॉक्टर पलीकडच्या जिन्याने,” सुमनताई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली.

“बोलता येत नाही का?”

“येतं.”

“मग रुमाल काढा.”

“बाया बसल्यात,” ते हळूच म्हणाले.

आत आल्यावर त्यांनी रुमाल काढला. उजवीकडे घनदाट, काळीभोर, टोकाला पीळ दिलेली मिशी होती. डावीकडे तान्ह्या बाळाच्या गालासारखी निर्मळ त्वचा. नाकाखालच्या पन्हळीपाशी मिशी जी थांबली होती, ती तालुक्याची हद्द आखावी तशी. गृहस्थांचे नाव दत्तू. घर येवल्याचे, पिढीजात पैठणी विणणारे. घरचा माग धाकटा भाऊ चालवी आणि दत्तू तयार साड्या घेऊन नाशकातल्या दुकानांतून फिरत. वय पंचेचाळिशीच्या आसपास.

मी जागा भिंगातून पाहिली, सुईने औषध द्यावे लागेल हे सांगितले आणि सहज म्हणालो, “तोवर उरलेली मिशीही काढून टाका. दोन्ही बाजू सारख्या दिसतील.”

दत्तू खुर्चीवरून उठले आणि त्यांनी रुमाल पुन्हा तोंडावर धरला.

“आबा हायेत अजून.”

“कोण आबा?”

“वडील. चांगले जेवतात, भांडतात. आन् मी मिशी काढू?”

दारातून सुमनताईंचा आवाज आला, “डॉक्टरसाहेब, शास्त्रीबुवांचे चिरंजीव ना तुम्ही?”

ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या भागातल्या जुन्या घरांत पिता हयात असेपर्यंत पुत्र मिशी काढत नाही. ती पित्याच्या मागे, मुंडनाच्या वेळी उतरते. त्यामुळे नेहमीचा मिशीवाला माणूस बिनमिशीचा समोर आला, तर लोक कारण विचारीत नाहीत; फक्त ‘केव्हा?’ एवढेच विचारतात.

“बरं, नुसतं तेवढंच नाय,” दत्तू पुन्हा बसत म्हणाले. “कार्तिकी पुनवेला आबांचं सहस्रचंद्रदर्शन हाय. थोरला मी. पाय मी धुवायचे, ओवाळायचं मी. समदे पाहुणे येणार. अर्ध्या मिशीनं बसलो तर हसतील, बिनमिशीचा बसलो तर रडतील. तुम्हीच सांगा आता.”

पित्याने हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिले, म्हणून पुत्राने त्याचे पाय धुवावेत, यासारखे मंगल दृश्य नाही. आणि त्या दृश्यात नेमकी मिशीच आड येत होती. मी मनातल्या मनात कुलस्वामिनीला नमस्कार केला आणि सुई भरली.

ओठाच्या वर, त्वचेत अगदी वरवर, थेंबाथेंबाने औषध सोडायचे असते. ते पहारेकऱ्यांचा आवेश थंड करते. जागा अशी नाजूक की डोळ्यांत पाणी येते आणि नाक चाळवते. दत्तूंना दर टोचणीला शिंक येई. मी म्हणालो, “मिशी परत येईल.” ते शिंकले. सुमनताई म्हणाल्या, “शिंकले, म्हणजे सत्य.” पुढच्या टोचणीला दत्तूंनीच मला विनवले, “पुन्हा म्हणा की ते, शिंक येतीय.”

परंतु श्रद्धेला धीर असतो, मिशीला नसतो. दवाखान्यातून दत्तू थेट नाटकाचे सामान विकणाऱ्या एका दुकानात गेले. अर्धी मिशी विकण्याचा तिथे प्रघात नव्हता. त्यांनी अख्खी घेतली आणि कात्रीने मधोमध कापली. सोबत राळेचा डिंक घेतला आणि डावी बाजू ओठावर चिकटवली. ती मिशी मूळची एका कपटी सावकाराच्या सोंगासाठी बनवलेली असल्याने तिचे टोक खाली वळलेले होते. अशा रीतीने उजवीकडून येवल्याचे सज्जन विणकर आणि डावीकडून सावकार, असे दत्तू गावात वावरू लागले. आबांची नजर अधू झालेली, त्यामुळे त्यांना काही कळले नाही. पत्नीला कळले. ती म्हणाली, “डावीकडून तुम्ही कोणी वेगळेच दिसता.” थोडा विचार करून तिने पुढे असेही म्हटले म्हणे, की “वाईट नाय दिसत.”

भाद्रपद सरता सरता दत्तू पुन्हा आले. ओठाची डावी बाजू सुजून लाल झाली होती, तिच्यावर बारीक पुटकुळ्या आल्या होत्या आणि खाजेने ते बेजार झाले होते. राळेच्या डिंकाचे त्यांच्या त्वचेला वावडे निघाले होते. मी डिंक तात्काळ बंद करविला, दाह शमेपर्यंत सुई थांबवली आणि जागेला वारा लागावा म्हणून रुमालही सोडायला लावला.

“म्हंजी उघड्या तोंडानं यष्टीत बसू?”

“बसा. खिडकीकडे तोंड करून बसा.”

माझा हा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला, आणि तिथेच घोटाळा झाला. बसच्या डाव्या रांगेत जागा नव्हती. ते उजवीकडच्या खिडकीशी बसले. चांदोरीला त्यांचे निफाडचे व्याही, म्हणजे त्यांच्या लेकीचे सासरे, गर्दीत चढले. त्यांना दत्तूंची फक्त डावी बाजू दिसली. डोके टोपीत होते, त्या बाजूला मिशी नव्हती, चेहरा सुजलेला होता आणि खाजेने डोळे पाझरत होते. अशा प्रसंगी भर बसमध्ये चौकशी करणे शोभत नाही. व्याह्यांनी दत्तूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो निफाड येईपर्यंत काढला नाही. दत्तूंना वाटले, व्याह्यांना रोग दिसला. माणूस मोठ्या मनाचा. म्हणून त्यांनीही खिडकीतून नजर न काढता नुसती मान हलवली.

पुढचे मी आबांच्याच तोंडून ऐकले, कारण चार दिवसांनी दत्तूंना घेऊन आबाच जिना चढून आले. कृश, ताठ, डोक्याला फेटा, आणि ओठावर दुधासारखी शुभ्र मिशी. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी माझ्या टेबलामागच्या तसबिरीला हात जोडले आणि मग माझ्याकडे वळले.

“डाक्टर, मी मेलो होतो, ठावं हाय का?”

“नाही,” मी म्हणालो.

“सकाळी ओट्यावर बसलो होतो. जीप थांबली. व्याही उतरले, मागनं बाया. बायांनी सूर लावला. मी म्हटलं, या, बसा, कोण गेलं? व्याही दोन पावलं मागं सरले. म्हणले, तुम्ही. मी म्हटलं, केव्हा? म्हणले, काल, बहुतेक. आम्हाला सांगावा बी धाडला नाय तुम्ही.”

“मग?”

“मग काय, त्यांचा राग बी खराच व्हता. सोयऱ्याला मयत कळवायला नगं? मी म्हटलं, चुकलं, पुढल्या टायमाला नक्की कळवू.”

सुमनताई कापसाचा डबा घेऊन आत आल्या होत्या. त्या तशाच खाली बसल्या. बाहेरच्या बाकावरचे रोगीही हसू लागले. त्यांच्यातला एक खरजेचा रोगी तर हसता हसता खाजवायचे विसरला, आणि हा परिणाम मला कुठल्याही मलमाने साधला नव्हता.

“बरं झालं एका परीनं,” आबा म्हणाले. “जित्याच्या मरणाची आवई उठली की आयुष्य वाढतं. पण हे पोरगं रडकुंडीला आलंय. म्हणतं, माझ्या मिशीनं तुम्हाला मारलं. आता मला सांगा, ह्याच्या ओठात झालंय काय?”

विणकराला गाभाऱ्यापेक्षा माग जवळचा, म्हणून मी मागाच्या भाषेत बोललो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक माग आहे. केस हा त्यावरचा धागा. त्या मागापाशीच एक रंगारी बसतो आणि धाग्याला काळा रंग देतो. राखणदारांना एक दिवस हा माग परका वाटला आणि त्यांनी त्याला वेढा घातला.

आबांनी एकच प्रश्न विचारला. “माग मोडला का नुसता बंद हाय?”

“बंद आहे. मोडलेला नाही.”

“मग रडतो कशाला?” ते मुलाकडे वळून म्हणाले. “बंद माग म्या धा येळा चालू केलाय. आन् राखणदारांचा राग कुणावर हाय?”

“बहुधा रंगाऱ्यावर.”

“असंल. रंगारी वेळेवर देतोय कधी?”

राखणदारांचा रोष बहुधा रंग देणाऱ्या पेशींवर असतो, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. म्हणून या रोगात काळे केस गळतात आणि पांढरे पुष्कळदा वाचतात. नवे केसही बहुधा आधी पांढरे उगवतात; रंगारी भीतभीत मागाहून येतो. हे सांगत सांगत मी दत्तूंचा ओठ उजेडाकडे वळवून त्यावर भिंग धरले. सूज उतरली होती, आणि नेमकी जिथे डिंकाची पट्टी होती तिथे, कोवळ्या गवतासारखी पांढरी लव उभी होती.

हे सुईचे फळ, निसर्गाचे की डिंकाचे, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. चाई कित्येकदा आपोआपही भरून येते. परंतु गल्लीत एकाच वेळी दोन भांडणे लागली, तर माणसे मोठ्या भांडणाकडे धावतात. पेशींचेही काहीसे तसेच आहे. त्वचेवर मुद्दाम वावडे उत्पन्न करून, राखणदारांना त्या गडबडीत गुंतवून, केसाच्या मुळाची सुटका करण्याचा एक मान्य उपचार आमच्या शास्त्रात आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या चाईवर लसूण चोळीत आणि जुन्या वैद्यकात गुंजेचा झोंबणारा लेप सांगितला आहे, त्यामागेही कदाचित हेच असेल. वाचकांनी मात्र कृपा करून डिंक विकत आणू नये. एकाच्या बाबतीत योगायोगाने जे घडले, त्याला उपचार म्हणत नाहीत.

आणि सगळ्यांच्याच वाट्याला असे हसणे येत नाही. त्याच वर्षांत इगतपुरीच्या एका शिक्षिका माझ्याकडे येत. त्यांचे डोक्यावरचे सारे केस गेले, मग भुवया, मग पापण्याही. मला ठाऊक होते ते सगळे मी केले आणि राखणदार हटले नाहीत. शेवटी त्या डोक्याला छान रंगीत रुमाल बांधून शाळेत जाऊ लागल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही आता माझ्यासाठी वाईट वाटून घेणं थांबवा, डॉक्टर.” ते मला अद्याप साधलेले नाही.

कार्तिकी पौर्णिमेला मी आणि सुमनताई येवल्याला गेलो. अंगणात रांगोळी, चौरंग, वाती, आणि पहिल्या रांगेत निफाडचे व्याही, अतिशय अवघडून बसलेले. त्यांना ज्याने त्याने येऊन विचारले, की आज कोणत्या कार्याला आलात. गुरुजींनी आग्रह केल्यावर मीही त्यांच्याबरोबर मंत्र म्हणायला बसलो. इतक्या वर्षांच्या पाठांतरात माझा स्वर कधी ढळला नव्हता. त्या दिवशी ढळला, कारण समोर दत्तू बसले होते, तांब्यातले पाणी आबांच्या पायांवर सोडत, आणि त्यांच्या ओठावर दोन्हीकडे मिशी होती. उजवी काळी कुळकुळीत, डावी पांढरीशुभ्र. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. एक मुलगी खुदकन हसली आणि हसू रांगेरांगेने पसरू लागले. दत्तूंचे कान लाल झाले.

आबांनी मुलाची हनुवटी धरली, चेहरा अगदी डोळ्यांजवळ ओढला आणि कापडाचा पोत पाहावा तसा अंगठा आधी काळ्या बाजूवरून फिरवला, मग पांढऱ्या. मग स्वतःच्या मिशीवरून.

“ही अर्धी माझी हाय,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. “एकाच मागावरची. दत्तू, मी गेल्यावर तुझी तेवढी काढ. माझी ऱ्हाऊ दे.”

मग जे हसू उठले त्यात दत्तू स्वतःही होते, व्याहीही होते आणि गुरुजींचा पुढचा मंत्र बराच वेळ लांबला. मला सांगायला संकोच वाटत नाही, की त्या दिवशी अंगणात वर आलेला चंद्र मला उगाचच एका बाजूने अधिक उजळ दिसला.

मरणाच्या आवईने आयुष्य वाढते, हे आबांनी खरे करून दाखवले. नवे शतक उजाडून काही वर्षे झाल्यावर एका सकाळी जिन्यावर पावले वाजली. दत्तू आले. तोंडावर रुमाल नव्हता. डोक्यावर केस नव्हते आणि ओठावर मिशी नव्हती, दोन्ही बाजूंना. सुमनताई उठल्या आणि त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

मी त्यांना शेजारी बसवून घेतले. मग काही तरी विचारायचे म्हणून विचारले, “दोन्ही काढल्या?”

दत्तूंनी ओठावरून अंगठा फिरवला, आधी उजवीकडे, मग डावीकडे.

“रंगारी परत आला होता ना, डाक्टर,” ते म्हणाले. “समदी काळी झाली होती. त्यांची कोणती आन् माझी कोणती, न्हाव्याला दाखवताच येईना.”